आरपीएम मीटर घरच्या घरी बिनचूक करताना: भिंतीतले पन्नास हर्ट्झ आणि थोडी हातचलाखी

माझ्या प्रीमियर पद्मिनीला कारखान्यातून आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते दाखवणारा मीटर, आलेलाच नव्हता. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात एक देखणा, काळ्या तबकडीचा मीटर मिळाला, तो मी स्टिअरिंगच्या बाजूला बसवला, आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, सुई अकराशेच्या आसपास थांबलेली पाहून कार्बोरेटरचा स्क्रू पिळत पिळत तिला आठशेवर आणले. त्यानंतर गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडू लागली. कॉन्डेन्सर बदलला, पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) घासले, प्लग साफ केले, आणि आठवडाभराने लक्षात आले की गाडीत काही बिघडलेलेच नाही. मीटर खोटे बोलत होता आणि मी इंजिनाला सहाशे फेऱ्यांवर जगायला लावत होतो. पुढे जे लिहिले आहे ते त्या आठवड्यानंतर शिकलेले आहे. त्यासाठी लागणारे सगळे सामान मिळून अर्ध्या टाकी पेट्रोलच्या पैशांत बसते.

ही पद्धत ज्या गाड्यांत मीटरला इग्निशन कॉइलकडून, म्हणजे ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या वेटोळ्याकडून, थेट संकेत मिळतो, त्यांच्यासाठी आहे. म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या, आणि बाहेरून विकत घेऊन बसवलेले मीटर. अलीकडच्या गाड्यांत सुई एका छोट्या स्टेपर मोटरवर फिरते आणि तिला आकडा इंजिनाच्या संगणकाकडून येतो. तिथे पिळण्यासारखा स्क्रू नसतो, आणि किलोमीटरची नोंदही त्याच डब्यात असल्यामुळे तो उघडण्याच्या फंदात पडू नये. अशा गाडीत ओबीडी सॉकेटमध्ये (इंजिनाच्या संगणकाशी जोडायच्या खाचेत) स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाइलवर दिसणारा आकडा सुईशी ताडून पाहावा. तपासणी म्हणून तेवढे पुरते.

हिशेब आधी, पाना नंतर

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. म्हणून चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या, तीन सिलिंडरच्या, म्हणजे मारुती ८०० सारख्या गाडीत, दीड, आणि सहा सिलिंडरमध्ये तीन. मीटर प्रत्यक्षात फेरे मोजतच नाही. तो कॉइलच्या निगेटिव्ह टोकावर सेकंदाला किती धक्के येतात तेवढेच पाहतो आणि त्यांच्या प्रमाणात सुई ढकलतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर ठिणग्या होतात मिनिटाला ३०००, म्हणजे सेकंदाला ५०. आणि सेकंदाला ५० हा आकडा आपल्या घरातल्या प्रत्येक भिंतीत आहे.

सगळ्या युक्तीचे मूळ इथे आहे. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते, आणि देशभराचे ग्रिड एकत्र जोडलेले असल्यामुळे ती सहसा ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राखली जाते. ०.१ हर्ट्झची चूक धरली तरी १५०० फेऱ्यांत ती तीन फेऱ्यांची होते. तबकडीवरची रेघच त्याहून जाड असते. एवढे अचूक मोजमाप विकत घ्यायला गेलो तर खिशाला चटका बसेल, आणि इथे ते वीजबिलात फुकट येते. एक पथ्य मात्र पाळायचे: लोडशेडिंगच्या वेळी घरच्या इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर हे काम करू नये. जनरेटरची वारंवारता भाराबरोबर हलते, आणि स्वस्त इन्व्हर्टरच्या वारंवारतेची खात्री देता येत नाही.

तर ५० हर्ट्झला चार सिलिंडरच्या मीटरने १५०० दाखवले पाहिजेत, तीन सिलिंडरच्या मीटरने २०००, आणि सहाच्या मीटरने १०००. तीच वीज दोन डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतून) नेऊन पूर्ण लहर सुलटी केली की सेकंदाला १०० धक्के मिळतात आणि हे तिन्ही आकडे दुप्पट होतात. म्हणजे चार सिलिंडरसाठी १५०० आणि ३००० असे दोन खात्रीचे बिंदू हातात आले.

टेबलावरची जोडणी

सामान असे: १२-०-१२ व्होल्टचा अर्ध्या अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ जातीचे दोन डायोड, अर्ध्या वॅटचा एक किलोओहमचा रेझिस्टर, यूपीएसमधली बारा व्होल्टची बॅटरी किंवा चांगला अडॅप्टर, आणि थोडी वायर. पुण्यात हे सगळे तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एकाच दुकानात मिळते. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू फ्यूजसह प्लॅस्टिकच्या डब्यात पूर्ण बंद करावी आणि जोडणी बदलताना दर वेळी प्लग काढावा. बारा व्होल्टच्या बाजूने कोणी मरत नाही, पण उघड्या २३० कडे एकदा चुकून हात गेला तर पुढचा लेख वाचायला आपण नसू.

ट्रान्सफॉर्मरच्या तीन वायरींपैकी मधली, म्हणजे शून्याची, ही मीटरच्या अर्थला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला जोडावी. दोन्ही कडेच्या वायरींना एकेक डायोड लावावा, डायोडची पट्टी असलेली टोके एकत्र करावीत, आणि त्या जोडापासून मधल्या वायरीपर्यंत एक किलोओहमचा रेझिस्टर टाकावा, म्हणजे प्रत्येक धक्क्यानंतर व्होल्टेज खरोखर शून्यापर्यंत खाली येते. हाच जोड मीटरच्या सिग्नलच्या वायरीला द्यायचा. बॅटरीचे पॉझिटिव्ह मीटरच्या सप्लायच्या वायरीला. दोन्ही डायोड असताना १०० हर्ट्झ; एका डायोडची वायर सोडवली की ५०.

आता सुई पाहावी. तिला स्थिर व्हायला पाचेक सेकंद द्यावेत, काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारावी, आणि डोळा अगदी समोर ठेवून आकडा वाचावा, कारण तिरके पाहिल्यास शंभर फेऱ्यांचा फरक नुसत्या नजरेने पडतो. दोन्ही बिंदूंचे आकडे कागदावर लिहावेत. या टप्प्यावर कोणताही स्क्रू पिळू नये, हे मी मुद्दाम सांगतो, कारण हात शिवशिवतात.

काही मीटर बारा व्होल्टच्या धक्क्याला दादच देत नाहीत. त्यांना कॉइलच्या टोकावर पॉइंट उघडताना उठणारी तीन-चारशे व्होल्टची उसळी अपेक्षित असते. अशा मीटरसाठी १२ व्होल्टच्या रिलेची वेटोळी कॉइलसारखी वापरता येते: बॅटरीचे पॉझिटिव्ह रिलेच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला एमपीएसए४२ हा ३०० व्होल्ट सोसणारा ट्रान्झिस्टर, त्याच्या कलेक्टर आणि एमिटरमध्ये १०० व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर अडवणारा डायोड), झेनरची पट्टी कलेक्टरकडे. ट्रान्झिस्टर बंद होताना रिले उसळी मारतो आणि मीटर जागा होतो. ट्रान्झिस्टरच्या बेसला धक्के कुठून द्यायचे ते पुढे आर्डुइनोच्या भागात आहे. उलट दिशेने मात्र हे कधीच करू नये. गाडीच्या कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला मोबाइल, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) किंवा साधा मल्टिमीटर थेट जोडला तर ती उसळी त्याला आयुष्यातून उठवू शकते.

चूक कोणत्या जातीची आहे?

माझ्या मीटरने ५० हर्ट्झला २००० दाखवले आणि १०० हर्ट्झला ४०००. म्हणजे दोन्हीकडे बरोबर चार-तृतीयांश. इतका स्वच्छ अपूर्णांक बिघाडाने येत नाही. तो मीटर तीन सिलिंडरच्या गाडीसाठी बनलेला होता आणि आपल्या परीने अगदी खरे सांगत होता. सहा सिलिंडरचा मीटर चार सिलिंडरला लावला तर तो दोन-तृतीयांश दाखवतो, आठचा असेल तर निम्मे. बाजारातल्या बऱ्याच मीटरच्या पाठीमागे ४, ६, ८ असा छोटा स्विच असतो, आणि कित्येकांची अंशांकनाची (कॅलिब्रेशनची) चिंता तो स्विच योग्य जागी ढकलल्यावर तिथेच संपते.

दोन्ही बिंदूंवर चूक एकाच प्रमाणात असेल पण अपूर्णांक असा स्वच्छ नसेल, समजा १५०० ला १६५० आणि ३००० ला ३३००, तर आतला प्रीसेट, म्हणजे स्क्रूसारखा फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर, हलवायचा आहे. दोन्हीकडे तेवढेच फेरे जास्त, म्हणजे १६५० आणि ३१५०, असे दिसले तर प्रीसेटला हात लावू नये. सुई आपल्या दांड्यावर सरकली आहे किंवा शून्याचा पेच हलला आहे. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला भलतेच असेल, तर तबकडी आणि आतले यंत्र एकमेकांचे नसण्याची शक्यता मोठी, कारण जुन्या बाजारात एका मीटरची तबकडी दुसऱ्यावर चढवण्याचे उद्योग चालतात. हे पहिल्याच दोन आकड्यांवरून कळते, आणि एकाच बिंदूवर मीटर जुळवणारे नेमके इथे फसतात: आयडलिंगला सुई आठशेवर आणून ठेवतात आणि चार हजाराला ती कुठे भटकते याचा त्यांना पत्ताच नसतो.

आणखी एक तपासणी याच बैठकीत करून टाकावी. बॅटरीवर १२.५ व्होल्ट असतात, पण धावत्या गाडीत चौदाच्या आसपास. मीटरला दोन्ही व्होल्टेज देऊन पाहावे, आणि सुई त्याबरोबर हलत असेल तर आतला झेनर किंवा रेग्युलेटर गेलेला आहे असे समजावे. तो बदलल्याशिवाय पुढचे सगळे श्रम वाया जातात. हेडलाइट लावले की आकडा बदलेल.

मीटर उघडताना

काचेभोवतीची धातूची कडी मागच्या बाजूला दुमडलेली असते. बोथट, पातळ स्क्रूड्रायव्हरने ती थोडी थोडी, गोल फिरत उचकटावी. एकाच जागी जोर लावला तर कडीला कायमचा पोक येतो. सुई उपटून काढण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही आणि ती उपटू नयेच, कारण दांडा केसासारखा बारीक असतो. काही मीटरना पाठीमागे रबरी बुचाखाली भोक असते आणि प्रीसेट बाहेरूनच फिरवता येतो. ते आधी शोधावे.

आतल्या सर्किटच्या पट्टीवर बहुधा एकच प्रीसेट असतो आणि त्यावर रंगाचा किंवा लाखेचा ठिपका. पिळण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा. मग ठिपका टोकदार सुईने फोडून, १०० हर्ट्झ चालू ठेवून, प्लॅस्टिकच्या दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरने प्रीसेट अगदी किंचित फिरवावा आणि प्रत्येक वेळी सुई थांबेपर्यंत वाट पाहावी. ३००० वर जुळवावे, मग ५० हर्ट्झ देऊन १५०० पाहावेत.

माझा प्रीसेट शेवटापर्यंत फिरवूनही ५० हर्ट्झला सुई १७०० च्या खाली येईना. कारण शोधायला पट्टी पाहिली. आत एलएम२९१७ हा आयसी होता, जो धक्क्यांच्या वारंवारतेचे व्होल्टेज करतो, आणि ते व्होल्टेज एका कपॅसिटरच्या आणि एका रेझिस्टरच्या गुणाकारावर अवलंबून असते. तो रेझिस्टर म्हणजे ६८ किलोओहमचा एक पक्का आणि त्याच्या मागे २० किलोओहमचा प्रीसेट. प्रीसेट सुरुवातीला १२ वर होता, म्हणजे एकूण ८०. मला आकडा तीन-चतुर्थांश हवा, म्हणजे एकूण ६०. पण प्रीसेट शून्यावर नेला तरी ६८ उरतातच, आणि २००० चे ६८/८० म्हणजे बरोबर १७००. हिशेब असा सुईशी तंतोतंत जुळला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि तो आनंद वाटून घ्यायला घरात कोणी जागे नव्हते. दुसऱ्या दिवशी ६८ चा रेझिस्टर काढून ४७ चा डकवला, प्रीसेट तेरावर आला, आणि सुई १५०० वर. रेझिस्टर बदलताना एक टक्क्याचा मेटल फिल्म जातीचा घ्यावा. कपॅसिटर बदलण्याची वेळ आली तर पॉलिस्टरचा घ्यावा. गोल चकतीचा सिरॅमिक घेतला तर उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर तो आपली किंमत बदलतो आणि मे महिन्यातला आकडा डिसेंबरशी जुळत नाही.

वरचा आणि खालचा बिंदू

१५०० आणि ३००० वर जुळलेला मीटर आयडलिंगला आणि वरच्या टोकाला कसा वागतो हे पाहण्यासाठी आर्डुइनो नॅनो पुरतो. चार सिलिंडरसाठी फेऱ्यांना ३० ने भागले की हर्ट्झ मिळतात: ४५०० ला १५०, ६००० ला २००, आणि ८०० ला २६.७. त्याच्या पायावरचे (पिनवरचे) पाच व्होल्ट ४.७ किलोओहममधून बीसी५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला द्यावेत, कलेक्टर एक किलोओहममधून बारा व्होल्टला जोडावा, आणि मीटरचा सिग्नल कलेक्टरवरून घ्यावा. वर सांगितलेली रिलेची उसळी लागणारा मीटर असेल, तर बीसी५४७ च्या जागी एमपीएसए४२ आणि एक किलोओहमच्या जागी रिले.

इथे एक खाचखळगा आहे. आर्डुइनोचे टोन हे तयार फंक्शन ३१ हर्ट्झच्या खाली जात नाही, म्हणजे चार सिलिंडरच्या हिशेबात ९३० फेऱ्यांच्या खाली. आठशे फेऱ्यांसाठी पाय स्वतःच उघडझाप करावा लागतो, प्रत्येक अर्ध्या लहरीला १८.७५ मिलिसेकंद. मायक्रोसेकंदांत थांबवणारे फंक्शनही १६,३८३ च्या पुढे भरवशाचे नाही, म्हणून १८ मिलिसेकंदांची एक थांबणी आणि ७५० मायक्रोसेकंदांची दुसरी अशी जोडगोळी लिहावी.

माझ्या मीटरने २०० हर्ट्झला ५९०० दाखवले आणि २६.७ ला साडेआठशे. हे दोन्ही मी तसेच सोडले. सगळ्या बिंदूंवर तंतोतंत जुळवण्याच्या नादात लोक रात्री घालवतात, पण सुईच्या मीटरची घडण तेवढी नसते. आपण जिथे गाडी चालवतो तिथे, म्हणजे पद्मिनीसाठी दोन ते साडेतीन हजारांत, तो खरा असला की पुरे. टोकाच्या चुका कागदावर लिहून ठेवाव्यात.

गाडीत खातरजमा

प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकून, कडी परत दुमडून मीटर गाडीत बसवल्यावर इंजिनाकडूनच साक्ष काढावी. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हातात धरायचा लेझर टॅकोमीटर आणि क्रँकच्या पुलीवर चिकटवलेली चमकती पट्टी. पुली पेट्रोल टाकलेल्या फडक्याने स्वच्छ पुसून, पूर्ण वाळवून, इंजिन बंद असताना पट्टी लावावी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, आणि गॅरेजचे दार सताड उघडे. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत साठला तर वासही न येता जीव घेतो.

लेझर नसेल तर खडूची एक रेघ आणि जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूबलाइट यांवरही भागते. अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. अंधारात त्या उजेडात पुलीकडे पाहिले की १५०० फेऱ्यांना एका रेघेच्या चार रेघा फुलीसारख्या थांबलेल्या दिसतात, ३००० ला समोरासमोर दोन, २००० ला तीन, आणि १००० ला सहा. रेघा पुलीच्याच दिशेने हळूहळू सरकत असतील तर फेरे थोडे जास्त आहेत, मागे सरकत असतील तर कमी. आणि एका रेघेला पूर्ण चक्कर मारायला चार सेकंद लागले तर फरक बरोबर १५ फेऱ्यांचा आहे. एवढा बारकावा लेझरवाल्यांनाही सहजी मिळत नाही. ४५०० लाही चार रेघा दिसतात, पण १५०० आणि ४५०० मधला फरक कानाला कळतोच. सध्याच्या काही स्वस्त एलईडी दिव्यांनाही ही लुकलुक असते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहताना उजेडात काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा चालेल.

या उजेडाचा एक भयंकर गुण मात्र लक्षात ठेवावा. ज्या फेऱ्यांवर खडूची रेघ थांबते, त्याच्या आसपास रेडिएटरचा पंखाही थांबल्यासारखा दिसू शकतो. पद्मिनीत तो पट्ट्यावर पुलीच्या समोरच फिरतो, आणि थांबलेल्या दिसणाऱ्या पंख्यापलीकडे पडलेला पाना उचलण्याचा मोह कोणालाही होईल. बाह्या दुमडाव्यात, ओढणी, उपरणे, घड्याळ काढून ठेवावे, आणि हात पुलीच्या दोन फूट मागे ठेवावेत. रेघ पाहायला डोळे लागतात, हात नाहीत.

टेबलावर शांत असलेली सुई गाडीत थरथरत असेल तर प्रीसेटला दोष देऊ नये. पॉइंट बंद होताना उसळत असतील किंवा कॉन्डेन्सर मेला असेल तर एका ठिणगीच्या जागी दोन धक्के मोजले जातात आणि सुई वर उड्या मारते. अर्थची वायर गंजलेल्या बोल्टवर असेल तरी तसेच होते. सिग्नलची वायर प्लगच्या वायरींपासून लांब न्यावी.

डिझेल गाडीत ठिणगीच नसल्यामुळे मीटर अल्टरनेटरच्या डब्ल्यू टोकावरून घेतात, आणि एका फेऱ्याला किती धक्के हे अल्टरनेटरचे ध्रुव आणि दोन पुलींचे प्रमाण यांवर ठरते. ते गणित करत बसण्यापेक्षा लेझरने क्रँकचे फेरे मोजत, इंजिन २००० वर धरून मीटरचा प्रीसेट तिथे आणावा, आणि मग ३००० वर तपासावा; पट्टा सैल असेल तर तो आधी ताणून घ्यावा.

सर्वांत शेवटी, मीटर खरा झाल्यावर, मी कार्बोरेटरचा तो स्क्रू परत उलटा फिरवला. गरम इंजिनाला सुई साडेआठशेवर, म्हणजे माझ्या कागदाप्रमाणे खऱ्या आठशेवर, येऊन थांबली. तो कागद, बदललेल्या रेझिस्टरच्या किमतीसह, ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.